शेजारची खुर्ची

तिनं बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावू लागली.

"आई, लागला का गं कॉम्प्युटर?" मुलीनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नुसती अक्षरंच आहेत. चित्र काही यायचं नाही."

नवऱ्यानं मुद्दामच तशी मेख मारून ठेवली होती. कॉम्प्युटर सुरू होताना कॅमेऱ्याला दोन चेहरे दिसले, तरच पुढचं चित्र उजळायचं. "चहा घेऊन शेजारी बस, मग बघ फोटो," म्हणायचा. त्याला जाऊन महिना झाला होता.

अक्षरं थांबली. बंद करायला ती वाकली, तोच स्क्रीन लख्ख उजळली. कोपऱ्यात ओळ उमटली: "चेहरे सापडले, दोन."

शेजारच्या खुर्चीकडे बघायचं तिचं धाडस झालं नाही. ती म्हणाली, "चहा टाक गं. बाबांचा कपही घे."