चार निरोगी दात

डॉ. देवधरांनी नवं यंत्र हेमलता कांबळीच्या उजव्या गालाला लावलं. कळ दातातून उठते की नसेतून, हे ते दहा सेकंदांत दाखवायचं. पडद्यावर दातांची जागा अंधारीच राहिली आणि कानापासून हनुवटीपर्यंत एक नस लालभडक पेटली.

"वहिनी, दुखणं नसेचं आहे. गोळ्यांनी आटोक्यात येईल," डॉक्टर खुशीत म्हणाले.

"मग माझे चार दात कशाला उपटलेत?"

डॉक्टर यंत्राच्या कळफलकाकडे वळले. अहवाल देण्याआधी यंत्राला प्रत्येक दात काढण्यामागचं कारण हवं होतं. त्यांनी ‘कीड’ असं लिहिलं. यंत्राने जुने एक्स-रे तपासले आणि उत्तर दिलं, ‘कीड आढळली नाही.’

"नुसता वारा लागला तरी कळ येते, हे मी घसा फोडून सांगत होते. आणि तुम्ही माझ्या नवऱ्याला म्हणालात, वहिनी जरा नाटकच करतात!" हेमलता खुर्चीतून उठली. "आता खरं लिहा."

डॉक्टरांनी मान खाली घालून टाइप केलं, ‘दात निरोगी होता.’

"चारही वेळा लिहा," ती म्हणाली. "आणि बाहेर माझा नवरा बसलाय. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा."