घरची माणसं

माझा मुलगा सिनेमातला नायक आहे. परवा भरल्या सभागृहात तो म्हणाला, "आमच्या कंपनीची पावडर विका, आणखी दहाजणांना सभासद करा. तुम्ही माझ्या घरची माणसं आहात, सगळे मिळून श्रीमंत होऊ!"

घरी आल्यावर मी त्याला म्हणाले, "माझंही नाव घाल त्यात."

तो हसला. "आई, भलतंच काय! पैसे घालणारे सगळे बुडणार आहेत. मला फक्त बोलण्याचे मिळतात."

सकाळी कणीक मळता मळता आमच्या जुन्या स्वयंपाकीणबाईंनी चाचरत विचारले, "आईसाहेब, लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सोनं मोडू का? दादा सांगतायत, म्हणजे खरंच असणार ना?"

मी मान ताठ केली.



"खुशाल मोडा. माझ्या मुलाच्या शब्दावर या घरात कुणी शंका घेत नाही."