लाल की निळी?

जुन्या गाड्यांच्या दुकानात दोन छोट्या गाड्या शेजारी उभ्या होत्या. कंपन्या वेगळ्या, पण डावं-उजवं करावं असं काहीच नव्हतं. विक्रेता गाडी घ्यायला आलेल्या बाईला मायलेज सांगत होता, डिकी उघडून दाखवत होता. तिचं लक्ष फाटकाकडे.

"आतून चारही दारं एकदम लॉक कुठल्या गाडीची होतात?"

"लाल गाडीची, ताई. निळीचं प्रत्येक दार वेगळं लावावं लागतं."

ती लाल गाडीत बसली. तो शेजारी बसून बटण दाखवतोय, तेवढ्यात एक माणूस शिव्या देत फाटकातून आत शिरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"नवरा," ती कशीबशी म्हणाली.

विक्रेत्याने बटण दाबलं आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

"चालवून बघा, ताई. डावीकडे वळलं की पोलीस चौकी आहे."