पुढच्या खोलीची भिंत

शेड कार्डावरच्या गडद तपकिरी चौकोनावर बोट ठेवून आई म्हणाली, "पुढच्या खोलीची एक तरी भिंत अशी करूया का हो?"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. "गुहेत राहायला जायचंय का? नेहमीचा क्रीमच बरा."

आई हसली, कार्ड मिटलं आणि भाजी चिरायला आत गेली. मुलगी समोरच बसली होती. बाबांपुढे तोंड उघडायचं नाही, ही त्या घराची रीतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई झोपेतून उठलीच नाही.

काही महिन्यांनी रंगकाम निघालं. बाबा बाजारातून परतले, तेव्हा पुढच्या खोलीची भिंत अर्ध्याहून जास्त तपकिरी झाली होती, ओल्या खोडासारखी. हातातली पिशवी दारातच टेकवून त्यांनी मुलीला विचारलं,

"हे काय चालवलंयस? सगळं तिच्या आवडीचं ठेवायचं म्हणून बजावलं होतं ना मी? तिला क्रीम आवडायचा."

रंगाऱ्याने रोलर खाली घेतला आणि मुलीकडे पाहिलं.

"तुम्ही चालू ठेवा, काका," ती म्हणाली. "सुकलं की दुसरा हातही मारा."

मग ती बाबांकडे वळली. आवाज चढला नाही, पण नजरही खाली गेली नाही.

"क्रीम तुम्हाला आवडतो, बाबा. आईला फक्त तुमच्याशी वाद नको असायचा. मला वाद चालेल."