सगळ्यात जवळचा फोन

"गाडीत बिघाड नव्हता, ताई," बिनचालकाच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा माणूस खालच्या आवाजात म्हणाला. "चौकात गर्दी होती. अशा वेळी गाडी सगळा हिशेब एकटी करत नाही, आजूबाजूच्या फोनना वाटून देते. समोर कुणी आहे का, एवढंच तिनं एका फोनला विचारलं होतं. उत्तर यायला उशीर झाला."

"उशीर?" काल लेक गमावलेली आई ताडकन उठली. "का झाला उशीर?"

"फोन फार जुना होता. तापला आणि अडकला."

"मग असली डबडी घेऊन लोक फिरतात कशाला? कोण आहे तो मेला? समोर आणा त्याला! त्याच्यापायी माझी पोर गेली!"

त्या माणसानं मान खाली घातली आणि टेबलावरून एक प्लास्टिकची पिशवी तिच्याकडे सरकवली.

"गाडी सगळ्यात जवळच्या फोनला विचारते, ताई."

पिशवीतल्या फोनच्या कोपऱ्यातला तडा तिनं लगेच ओळखला. स्वतःला नवा फोन घेतला, तेव्हा तिनंच हा लेकीच्या हातात ठेवला होता. "नाक मुरडू नकोस. चालतोय की अजून!"