गाडीला लागलेली दृष्ट

आमच्या जुनाट गाडीने चावीतली चिप पुन्हा ओळखली नाही, ती सुरूच झाली नाही आणि प्लोवदिव शहरातली माझी नोकरीची मुलाखत हुकली. मी तडक मेकॅनिक वेलिझारच्या गॅरेजात घुसलो.

"हरामखोरा, ही तिसरी चावी मेली! काय कचरा विकतोस मला?"

त्याने चावी उघडून माझ्या नाकासमोर धरली. आत गंज चढला होता. "माझ्यावर काय खेकसतोस? चावी पाण्यात घालतोस आणि वर तोंड करून बोलतोस!"

"थेंबसुद्धा लागू दिला नाही मी!"

तणतणतच त्याच्याकडून नवी चावी घेऊन घरी आलो आणि ती टेबलावर आपटली. आईने ती अलगद उचलली आणि क्रूसाची खूण केली.



"चिडू नकोस, क्रासेन. इतके दिवस नुसतं शिंपडत होते, म्हणून गुण येत नव्हता. आज चावी रात्रभर चर्चच्या तीर्थात बुडवूनच ठेवते."