फ्रीजरची घरघर

"वास घेऊन बघा, ताई. शिळं वाटलं तर तोंडावर सांगा. आजच्या आज विकून टाकते हा फ्रीजर."

असं म्हणून निशिगंधानं पांढऱ्या रश्श्याची वाटी अनुजाताईंच्या पुढं सरकवली.

अनुजाताई गारगोटीच्या एका महिला संस्थेच्या अध्यक्ष. बरोबर खजिनदार बयाबाई. दोघी सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात आलेल्या, फक्त हे जेवण जेवायला. संस्थेला गावोगाव फिरून शिकवणारी बाई पाहिजे होती. घरात उरलंसुरलं टाकायचं नाही, फ्रीजरमध्ये ठेवून पुरवून वापरायचं, एवढंच शिकवायचं. गारगोटी, आजरा, पार चंदगडपर्यंत. निशिगंधाला हे काम पाहिजेच होतं. लग्न झाल्यापासून ती यशराजची बायको नाहीतर अंबूबाईची सून. तिच्या स्वतःच्या नावानं आलेला पहिला फोन अनुजाताईंचा.

अनुजाताईंनी वास घेतला. एक भुरका मारला. मग वाटीच तोंडाला लावली.

"ह्यातलं आज केलेलं काय काय हाय?"

"फक्त भाकरी. आत्ती करायला लागल्यात आत. बाकी सगळं फ्रीजरमधलं."

आत्ती म्हणजे सासूबाई, अंबूबाई. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, जरा जोरातच. निशिगंधाला रश्श्याची काळजी नव्हती. काळजी होती ती आत्तींची. पावण्यांसमोर त्या काय बोलतील, नेम नव्हता.

फ्रीजर घरात आला तेव्हा अंबूबाई आठवडाभर कुणाशी बोलल्या नव्हत्या. राजारामपुरीतलं एक आईस्क्रीमचं दुकान बंद झालं आणि यशराजनं तो टेम्पोत घालून आणला. झाकणावर अजून मँगो कोनचं चित्र. गल्लीतली पोरं अजून दारात येऊन कोन मागतात.

"मढं ठेवायची पेटी आणलीस व्हय रं घरात?" अंबूबाईंनी तेव्हा विचारलेलं.

ठेवायला जागा एकच होती, जिन्याखाली. तिथंच अंबूबाईंची कॉट. "रातभर घरघर घरघर. डोळ्याला डोळा न्हाय माझ्या," असं त्या रोज सकाळी चहाबरोबर ऐकवायच्या. मग एक दिवस ते बंद झालं.

"झाली बघ सवय," निशिगंधा यशराजला म्हणाली होती. आणि खरंच, आता तर आत्ती सगळ्यांच्या आधी उठून फ्रीजरभोवतीची फरशी स्वतः पुसून घ्यायच्या. एवढी माया लागलेली.

"दाखव तरी काय काय ठेवलंयस," बयाबाई ताटावरून उठल्याच.

निशिगंधानं झाकण उचललं आणि जी सुटली. कोथिंबिरीच्या काड्या फेकायच्या नाहीत, मिरची-लसूण घालून वाटायच्या आणि बर्फाच्या ट्रेत ओतायच्या. मटण शिजवलं की वरचं अळणी पाणी काढून डब्यात, त्याचा पुढच्या रविवारी पांढरा रस्सा. उरलेल्या खिम्याचे गोळे. अर्ध्या नारळाचं दूध.

बयाबाईंनी मटारची पिशवी उचलली. "ह्येचा तर धोंडा झालाय की."

"चिकटतात हो थंडीनं." निशिगंधानं पिशवी जिन्याच्या पायरीवर आपटली. "झालं मोकळं."

"आणि चुकायची जागा कुठली?" अनुजाताईंनी विचारलं.

"एकच. एकदा वितळलं की परत गोठवायचं न्हाय. मटणाचं तर अजिबात न्हाय. सरळ दवाखाना."

"ध्यानात ठेव गं बया, हे पहिलं सांगायचं सगळीकडं."

तेवढ्यात यशराज दहीभाताची वाटी घेऊन बाहेर आला. "जेवा पावणं. मी न्हाय बसत, पोट बिघडलंय."

"परत?" निशिगंधा म्हणाली.

"रंकाळ्यावरची भेळ, दुसरं काय."

"कितीदा सांगितलं, बाहेरचं खाऊ नको. घरात एवढं सगळं असतंय."

यशराज वाटी तशीच ठेवून घाईनं परसाकडं गेला. बयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि परत ताटावर बसून त्यांनी खिमा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

अंबूबाई गरम भाकरी घेऊन बाहेर आल्या. अनुजाताईंनी त्यांना थांबवलंच.

"अंबूबाई, खरं सांगा. सुनेचं हे फ्रीजरचं खूळ तुम्हाला पटतंय का?"

निशिगंधाचा हात रश्श्याच्या पळीवरच राहिला.

"पयलं न्हवतं पटत," अंबूबाई म्हणाल्या. "लई भांडलो तिच्यासंगं. पर आता सांगतो, पोरगी हुशार हाय. आमच्यात टोपभर कालवण गटारीत जायाचं, त्ये थांबलंय. शिकवू द्या तिला."

निशिगंधा बघतच राहिली. एवढं चांगलं आत्ती तिच्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

"मग ठरलं," अनुजाताई म्हणाल्या. "सोमवारपासनं तू आमची. पहिला वर्ग गारगोटीत. आता एवढंच सांग, बायका आधी बिलाचं विचारतील. लाईटबिल किती वाढलं?"

"वाढलंच न्हाय," निशिगंधा ऐटीत म्हणाली. "भरलेला फ्रीजर वीज कमी खातो, ताई."

"कमी खातो, कबूल. पण वाढलंच न्हाय? असं कसं हुईल?"

"तिला काय म्हाईत," अंबूबाई लाजत हसल्या आणि त्यांनी बयाबाईंच्या ताटात भाकरी टाकली. "ती युक्ती माझी हाय. रोज निजताना बटण बंद करतो, पहाटं उठलं की चालू. बिल बी वाचतंय आन् झोप बी लागतीया."